सब्जा : ओट्यावरचा आणि कबरीवरचा

श्रीपूरला साखर कारखान्याच्या चाळीत आम्ही लहानाचे मोठे झालो. गळीत हंगाम सुरू झाला की गावावर मळीचा वास पसरे. भोंगा झाला की अब्बा पाळीवर जात आणि दादी ओट्यावर येऊन बसे. ओट्याच्या कडेला डालड्याचे चार रिकामे डबे होते, गंजलेले, तळाला खिळ्याने भोके पाडलेले. तीन डब्यांत सब्जा आणि एकात पुदिना. मळीच्या त्या उग्र वासातही ओट्याजवळ आले की सब्जाचा वास वेगळा कळे. दादी येता-जाता पानांवरून हात फिरवी आणि तोच हात आमच्या तोंडावरून फिरवी. तिच्याजवळ अत्तराची बाटली आम्ही कधी पाहिली नाही.

आज आमच्या घरांत सब्जा कुठे आहे? जुमेरातीला दर्ग्याबाहेर फुलवाल्याच्या टोपलीत आहे. मय्यतीच्या दिवशी कबरीवर आहे. रमजानमध्ये किराणा दुकानातल्या पाकिटात आहे. ओट्यावर मात्र नाही. मागे आम्ही सब्जाचे एक रोप घरी आणले, तेव्हा आमचा नातू दारातच अडून बसला. म्हणाला, "दादा, ये घर में नको. ये तो कबरस्तान का झाड है."

पोराचे काय चुकले? त्याने सब्जा फक्त कबरीवरच पाहिला होता. पण त्याचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना. ज्या रोपाचा हात दादी आमच्या तोंडावरून फिरवी, ते रोप दोन पिढ्यांत मरणाचे कसे झाले? त्या प्रश्नामागे जाता जाता जे हाती लागले, ते इथे मांडत आहोत.

रोप इथले, नाव फारसी

सुरुवात नावापासून करू. सब्जा हा शब्द फारसी 'सब्ज' म्हणजे हिरवा यावरून आला. त्याच्या बियांना हकीम मंडळी 'तुख्म-ए-रैहान' म्हणत, म्हणजे रैहानचे बी. हा लांबलचक शब्द मराठी तोंडात बसता बसता 'तुकमराई' झाला. किराणा दुकानात "दहा रुपयांची तुकमराई द्या" म्हणणाऱ्या बाईला आपण फारसी बोलतो आहोत याची कल्पना नसते, आणि ती असण्याचे काही कारणही नाही. शब्द तिचाच झालेला असतो. मुंबईकडच्या दुकानांत हेच बी तकमरिया या नावाने मिळते.

अरब लोक याला रैहान म्हणतात. जुन्या इराणी लोकांनी याला 'शाहस्परम' म्हटले, म्हणजे सुगंधी वनस्पतींतली शाही वनस्पती. ग्रीकांनी ठेवलेल्या नावाचा अर्थही राजेशाही असाच आहे आणि इंग्रजीतला 'बेसिल' त्याच ग्रीक नावातून निघाला. ग्रीसच्या चर्चमध्ये पाद्री आजही याच्या जुडीने पवित्र पाणी शिंपडतात. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात तुळशीच्या शेजारीच 'बर्बरी' येते. ती बर्बरी म्हणजेच सब्जा.

कार्ल लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींची नावे नोंदवली, तेव्हा सब्जाला 'ओसिमम बॅसिलिकम' हे नाव दिले. तुळसही त्याच ओसिमम कुळातली. पानांची समोरासमोर जोडी, चौकोनी देठ, शेंड्याला मंजिरी आणि चोळल्यावर दरवळणारा वास, सगळे सारखे. फरक इतकाच की तुळशीचे पान थोडे लवदार आणि वास उग्र. सब्जाचे पान गुळगुळीत आणि वास बडीशेप-लवंगेच्या अंगाने जाणारा. दादीला लिनिअस माहीत नव्हता. ती म्हणायची, "ये तुलसी की बहन है बेटा. दोनों की माँ एकीच है."

वनस्पतिशास्त्रज्ञ सब्जाचे मूळ घर उष्ण कटिबंधातल्या आशियात मानतात. म्हणजे आपल्याच मुलखात. इथून तो व्यापाराच्या वाटांनी पश्चिमेकडे गेला, इराणात गेला, ग्रीसला पोहोचला, आणि पुढे फारसी बोलणाऱ्यांबरोबर नवे नाव घेऊन आपल्या अंगणात आला. रोप इथले, नाव फारसी. हे वाचताना आम्हाला आमचीच कथा आठवली. आमच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज याच मातीतले. शेतकरी, विणकर, कारागीर. नावे तेवढी अरबी-फारसी झाली. नावावरून माणसाला परके ठरवायची घाई ज्यांना असते, त्यांनी एकदा तुळस आणि सब्जा शेजारी ठेवून पाहावेत. आणि आमच्यातल्या ज्यांना आपले मूळ अरबस्तानातच शोधायची हौस आहे, त्यांनीही पाहावेत.

ग्रंथांतला रैहान

कुरआन शरीफमध्ये रैहान हा शब्द दोन ठिकाणी येतो. सूरह रहमानच्या बाराव्या आयतीत पृथ्वीवरच्या देणग्यांचे वर्णन आहे. फळे, खजूर, भुसा असलेले धान्य आणि त्यांच्या सोबत रैहान. दुसरा उल्लेख सूरह वाकिआच्या एकोणनव्वदाव्या आयतीत आहे. तिथे अल्लाहच्या निकट असलेल्या माणसाला मृत्यूनंतर मिळणाऱ्या सुखात रैहान आहे. भाष्यकारांपैकी काहींनी रैहानचा अर्थ सुगंधी वनस्पती असा केला, काहींनी रोजी किंवा अन्न असा केला. शिवाय अरबीत कोणत्याही सुवासिक झाडपाल्याला रैहान म्हणता येते. मगरिब आणि अंदलूसकडे 'आस' नावाच्या झुडपाला रैहान म्हणत. तेव्हा कुरआनमधला रैहान म्हणजे आपल्या ओट्यावरचा सब्जाच, असा हट्ट धरण्याचे कारण नाही.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिली आयत जमिनीवरच्या, जिवंत माणसांना दिलेल्या नेमतीची आहे. दुसरी मृत्यूनंतरच्या सुखाची. सुगंध आधी जगणाऱ्यांच्या वाट्याला आला आहे. यातून आम्ही काही फतवा काढत नाही. फक्त क्रम दाखवतो.

सहीह मुस्लिममध्ये एक छोटी हदीस आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांनी सांगितले की कोणी रैहान देऊ केला तर तो नाकारू नये, कारण तो वाहायला हलका आणि वासाला चांगला असतो. किती साधी शिकवण आहे ही! देणाऱ्यावर त्याचा बोजा नाही, घेणाऱ्यावर उपकार नाही. एका जिवंत माणसाने दुसऱ्या जिवंत माणसाच्या हातात ठेवायची ही वस्तू आहे. या हदीसची आठवण पुढे पुन्हा येणार आहे.

कबरीवर कसा आला

मग सब्जा कबरीवर कसा गेला? त्यालाही आधार आहे, आणि तो क्षुल्लक नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. प्रेषित (स.) दोन कबरींजवळून जात होते. आतल्या माणसांना त्रास होतो आहे असे त्यांनी सांगितले. एक चहाड्या करी, दुसरा लघवीच्या शिंतोड्यांपासून जपत नसे. त्यांनी खजुराची ओली फांदी मागवली, तिचे दोन भाग केले आणि एकेका कबरीवर रोवले. त्या वाळेपर्यंत कदाचित त्रास हलका होईल, असे ते म्हणाले. पुढे बुरैदा या साहाबींनी आपल्या कबरीवर दोन फांद्या ठेवाव्यात अशी वसीयत केली होती, असे बुखारीत नोंदले आहे.

उलमांत इथून मतभेद सुरू होतात. काही म्हणतात, ही कृती प्रेषितांपुरती होती, कबरीतला हाल त्यांनाच ठाऊक होता, आपण तिचे अनुकरण करू नये. काही म्हणतात, ओली वनस्पती तसबीह करते, तिच्या बरकतीने मृताला दिलासा मिळतो, म्हणून ती ठेवावी. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन, ज्यांचे निधन १८३६ साली झाले, त्यांनी कबरस्तानातले हिरवे गवत उपटणे अयोग्य म्हटले आहे. वाळलेले काढायला हरकत नाही.

आपल्या देशात औरंगजेबाच्या काळात अनेक उलमांनी मिळून 'फतावा आलमगिरी' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात कबरीवर गुलाब आणि रैहान ठेवणे चांगले म्हटले आहे. पण लगेच पुढे असेही म्हटले आहे की त्या फुलांची किंमत गरिबाला दान केली तर ते अधिक चांगले. हे दुसरे वाक्य आम्ही सोयीने विसरतो.

औरंगजेबाचा मृत्यू १७०७ साली अहमदनगरजवळ झाला आणि त्याला खुलताबादला शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. राजा म्हणून त्याचा हिशेब इतिहास मांडतोच आहे. तो वाद इथे नको. पण ज्यांनी ती कबर पाहिली आहे त्यांना आठवत असेल. भोवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकाच्या आरंभी बसवलेली आहे. कबरीवर घुमट नाही, छत नाही. वर उघडी माती आणि त्या मातीत सब्जाचे रोप. एवढ्या मोठ्या सल्तनतीच्या धन्याच्या डोक्यावर अखेर तेच रोप आहे, जे आमच्या दादीच्या डालड्याच्या डब्यात होते.

दक्षिणेतल्या मुसलमानांचे रीतिरिवाज जाफर शरीफ यांनी लिहून ठेवले आणि हर्क्लॉट्स या डॉक्टराने त्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ साली 'कानून-ए-इस्लाम' या नावाने प्रसिद्ध केले. तिसऱ्या दिवसाची जियारत, कबरीवर फुले वाहणे, हे सारे त्यात आहे. म्हणजे ही रीत आपल्याकडे किमान दोनशे वर्षे रुजलेली आहे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. दादी १९९४ च्या फेब्रुवारीत गेली. जियारतीच्या दिवशी चुलत्यांनी फुलांची चादर आणि सब्जाचा भारा आणला. नात्यातला एक तरुण बाहेरगावी शिकून नुकताच परत आला होता. तो म्हणाला, ही बिदअत आहे, कबरीवर काही टाकू नका. शब्दाला शब्द वाढला. दोघांकडेही हदीस होती. दोघेही दादीवर माया करणारेच होते. अखेर एका वृद्ध नातेवाइकांनी मध्यस्थी केली. चादर परत पाठवली, तिचे पैसे चाळीतल्या एका विधवेला दिले, आणि दादीच्याच डब्यातली एक डहाळी कबरीच्या उशाला खोचली. पण वाद तिथे मिटला नाही. चाळिसावा होईपर्यंत तो घरात धुमसत राहिला. ती डहाळी काढावी की ठेवावी, नवी लावावी की नाही.

चाळिसाव्याच्या दिवशी आमची आई झाडू घेऊन ओट्यावर गेली आणि तिथेच बसून रडू लागली. आम्ही धावत गेलो. तिन्ही डबे वाळून काड्या झाले होते. कबरीवरचा सब्जा हिरवा असावा की नसावा, यावर आम्ही चाळीस दिवस भांडलो. आणि ओट्यावरच्या तिच्या रोपांना पाणी घालायचे कोणालाच सुचले नाही.

हकीम, वैद्य आणि दादी

आपला सोलापूर मुलूख निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवरचा. सोलापूरचा किल्ला कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून गेला. या ओढाताणीच्या काळातही विद्येची देवघेव थांबली नव्हती. विजापूरच्या दरबारातला फरिश्ता हा इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत आहे. पण त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा वैद्यकाचा ग्रंथही लिहिला आणि त्यात इथल्या वैद्यांचे ज्ञान फारसी वाचणाऱ्या हकिमांसाठी मांडले. हकीम वैद्याकडून शिकत होता. वैद्यही हकिमाकडून शिकत होता. एकाच रोपाला एकाने बर्बरी म्हटले, दुसऱ्याने रैहान. रोगी दोघांचाही एकच.

दादीचे ज्ञान या ग्रंथांतून आलेले नव्हते. ती अक्षरशत्रू होती. तिच्या आईकडून, सासूकडून, शेजारणींकडून आले होते. सर्दी-पडशाला सब्जाची चार पाने, आल्याचा तुकडा आणि गूळ घालून काढा. लघवीला जळजळ झाली, तोंड आले, पोटात आग पडली की तुकमराई भिजवून खडीसाखरेबरोबर. पोट साफ होत नसेल तर रात्री दुधातून. पावसाळ्यात कपड्यांच्या पेटीत वाळलेल्या मंजिऱ्या.

यातल्या तुकमराईचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोरडे बी तिळाहून बारीक, काळे आणि निर्जीव दिसते. पाण्यात टाकले की काही मिनिटांत भोवती पांढुरका बुळबुळीत थर फुगतो आणि मध्ये काळा ठिपका उरतो. बियाच्या सालीत पाणी धरून ठेवणारे तंतुमय द्रव्य असते, ते फुगते. रोपाला त्याचा उपयोग असा की पहिल्याच सरीत बी जमिनीला चिकटून बसते, वाहून जात नाही, आणि स्वतःभोवती ओल साठवून ठेवते. कोरड्या मुलखात जगायची ही युक्ती आहे. तोच थर आपल्या पोटात गेला की आतड्याला ओलावा देतो, मल मऊ करतो. अवर्षणाच्या जिल्ह्यातल्या माणसांना हे बी आवडावे यात नवल नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. १९८६ साली रमजान मे महिन्यात आला होता. चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, म्हणून रमजान सुमारे तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. त्या साली दादी दुपारीच मडक्यात गूळ-लिंबाचे पाणी करून ठेवी आणि अस्रच्या नमाजनंतर त्यात तुकमराई सोडी. आमच्या तीन डब्यांचे बी काही महिनाभर पुरत नसे. उरलेले अकलूजच्या बाजारातून येई. पण पहिल्या रोज्याला घरचेच बी, हा तिचा नियम होता. २०१९ साली रमजान पुन्हा मे महिन्यात आला. उन्हाळा तोच, तहान तीच. आमच्या दस्तरख्वानावर मात्र चकचकीत पाकिटातले बी होते आणि ते तुकमराईचे नव्हतेच. सुनेने कौतुकाने चिया आणले होते. चिया हे मेक्सिकोकडचे वेगळे बी. ते करडे, ठिपकेदार असते आणि फुगायला वेळ घेते. तेही गुणाचे आहे, त्याच्याशी आमचे वैर नाही. पण जे बी ओट्यावर फुकट होत होते, ते विसरून आम्ही समुद्रापलीकडचे विकत घेत होतो, एवढे खरे.

श्रीपूरची वाट

श्रीपूर हे तसे जुने गाव नव्हे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात आले आणि माळरानावर ऊस उभा राहिला. १९३२ साली माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी निघाली. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. आज गाव पांडुरंग सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. कारखाना आला तशी कामाला चहूकडून माणसे आली. मराठा, माळी, महार, मांग, वाणी, मुसलमान, सगळे एका चाळीत. कोणाचे घर पिढीजात नव्हते, म्हणून कोणी कोणाला "तू कुठला?" असे विचारत नसे.

तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघताना अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, हे पुष्कळांना माहीत आहे. तीच पालखी आषाढात अकलूज, माळीनगर, श्रीपूर, बोरगाव अशी आमच्या दारावरून पंढरपूरला जाते. बायांच्या डोक्यावर तुळशीवृंदावने असतात. चाळीतले प्रत्येक घर त्या दिवशी काहीतरी करी. कोणी भाकरी-पिठले, कोणी चहा. दादी तुकमराईचे पाणी करी. दोन हंडे ओट्यावर ठेवी आणि फुलपात्राने वाटत बसे.

एका वर्षी एक वृद्ध बाई ओट्याशी टेकल्या. डोक्यावरचे वृंदावन अलगद उतरवून त्यांनी शेजारी ठेवले. नेमके सब्जाच्या डब्यांना लागून. दोन फुलपात्री पाणी प्यायल्या. मग डब्यांकडे बघून म्हणाल्या, "मावशी, तुमचीबी तुळसच की ही!" दादी हसली. "होय बाई, बहीण हाय तिची." त्या बाईंनी जाताना वृंदावनातली एक मंजिरी खुडली आणि दादीच्या हातावर ठेवली. आमचे एक काका दारात उभे होते, ते कुजबुजले, "अम्मा, पूजा की है वो." दादीने मंजिरी नाकाशी धरली, ओढणीच्या गाठीत बांधली आणि म्हणाली, "खुशबू को ना नहीं बोलते." रात्री ती मंजिरी आमच्या खोकल्याच्या काढ्यात पडली.

रैहान नाकारू नये ही हदीस आम्ही पुढे कित्येक वर्षांनी वाचली. दादीला ती कोणी सांगितली होती की नाही, कोण जाणे. तिच्या वागण्यात ती होती.

कुंडीत लावताना

तेव्हा सब्जा घरात परत आणायचा असेल तर काय करावे, हेही सांगून ठेवतो. काम अगदी सोपे आहे.

बी किराणा दुकानातले चालते, फक्त ते जुने नसावे आणि भाजलेले नसावे. मृगाचा पाऊस पडल्यावर किंवा थंडी सरून ऊन वाढू लागले की पेरावे. आपल्याकडची काळी माती पाणी धरते आणि मुळे कुजवते, म्हणून तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत बरोबरीने मिसळावे. डब्याला खाली भोके हवीतच. बी मातीवर पसरून वर नुसती माती भुरभुरावी. खोल पुरले तर उगवत नाही. पाणी हाताने शिंपडावे. आठवडा-दहा दिवसांत कोंब दिसतात. रोपे बोटभर झाली की डब्यात दोन-तीनच ठेवून बाकीची दुसरीकडे लावावीत किंवा शेजारी द्यावीत. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवे; मे महिन्यात मात्र दुपारची सावली द्यावी.

वीतभर झाल्यावर शेंडा खुडला की रोप झुडपासारखे पसरते. पाने हवी असतील तर मंजिरी येताच खुडत राहावी. बी हवे असेल तर मंजिऱ्या रोपावरच तपकिरी होऊ द्याव्यात, मग सकाळी कापून, सावलीत वाळवून, तळहातांवर चोळून सुपात पाखडाव्यात. हे रोप एका हंगामाचे आहे. तुळशीसारखे वर्षानुवर्षे टिकत नाही, म्हणून थोडे बी नेहमी पुढच्या पेरणीसाठी ठेवावे.

दोन इशारे द्यायला हवेत. कोरडे बी कधीही तोंडात टाकू नये. आमच्याच घरात एका लहान मुलाने खेळता खेळता चिमूटभर बी तोंडात टाकले, ते घशात चिकटून फुगले आणि पोराचा जीव घाबरा झाला. पाठीवर थापट्या मारून कसेबसे बाहेर काढले. बी भरपूर पाण्यात निदान पंधरा-वीस मिनिटे भिजवूनच घ्यावे. लहान मुले आणि गिळायला त्रास होणारी म्हातारी माणसे यांना द्यायचे तर आणखी जपून. दुसरे असे की एक-दोन चमचे बी पुरे. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, बाई गरोदर असेल, तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दादीचा काढा पडशासाठी होता. ताप उतरत नसेल तर दादी स्वतःच आम्हाला दवाखान्यात घेऊन जायची.

राहिला कबरीचा प्रश्न. ज्यांना ओली डहाळी ठेवण्यात दिलासा वाटतो त्यांनी ठेवावी, ज्यांना ते पटत नाही त्यांनी ठेवू नये. दोघांनी एकमेकांचा सलाम घेणे सोडू नये. आमचे म्हणणे एवढेच की आम्ही सब्जाला कबरीच्या वादात इतके गुंतवले की तो घरातून नाहीसा झाला. कुरआनमध्ये रैहान आला तो धान्याच्या शेजारी. हदीसमध्ये आला तो हातातून हातात जाणारा. हकिमाकडे आला तो आजाऱ्यासाठी. फतावा आलमगिरीनेसुद्धा फुलांहून भुकेल्याला वर ठेवले. तो मेलेल्यांना द्यायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावे, पण जिवंतांना देण्याबद्दल तर कोणाचाच मतभेद नव्हता.

या पावसाळ्यात आम्ही श्रीपूरला रंगाच्या दोन रिकाम्या बादल्यांत सब्जा लावला. डालड्याचे पत्र्याचे डबे आता मिळत नाहीत. पाणी घालायचे काम नातवाकडे दिले आहे. पहिले आठ दिवस तो लांबूनच पाणी फेकत होता. परवा दुपारी तो आमच्याजवळ येऊन बसला, तेव्हा त्याच्या बोटांना ओळखीचा वास येत होता. आम्ही काही बोललो नाही.

यंदा बी बरे धरले आहे. कोणी आले तर कागदाच्या पुडीत चिमूटभर बांधून देऊ. वाहायला हलके आहे आणि वासाला चांगले. नाकारू नका.